पिठावरची पावलं

माझी बायको जाऊन दहा महिने झाले. तिच्या हाताने वाढलेलं असं घरात एकच जिवंत उरलं, तो तिचा सरडा. तो मरू नये एवढीच माझी धडपड होती. त्या धडपडीत मी एक खोटं केलं. त्या खोट्यामुळे सरडा वाचला, मग त्याच खोट्यामुळे मरायला टेकला. त्याला वाचवायला खरं बोललो तर मुलगी तुटली. हे असं झालं. कुणाला सांगायची सोय नाही म्हणून लिहितो आहे. पाचवीत माझी शाळा सुटली, तीही तमिळ शाळा. मराठी अक्षरं बापाने भजनाच्या वहीवरून गिरवून घेतली. वेलांटी चुकली तर चुकली.

सरडा म्हटलं की लोकांना कुंपणावरचा डोकं हलवणारा सरडा आठवतो. हा तसला नव्हे. शेपटीसकट माझ्या अख्ख्या हाताएवढा लांब, त्यात तीनातले दोन वाटे नुसती शेपटी. रंग कच्च्या केळ्याच्या सालीचा. हा चीन-व्हिएतनामकडच्या नदीकाठचा. तिकडे पाण्यावर झुकलेल्या फांदीवर बसून असतो आणि कुणाची चाहूल लागली की धप्पकन पाण्यात उडी टाकतो. इंग्रजीत त्याला वॉटर ड्रॅगन म्हणतात. मुलगी चेन्नईला शिकत होती तेव्हा तिने हौसेने घेतला. हॉस्टेलवाल्यांनी बाहेर काढला, तेव्हा खोक्यात घालून तंजावरला घेऊन आली. ‘‘दोन महिने ठेवा आई, मी खोली बघते.’’ मग तिला बंगळूरला नोकरी लागली, लग्न झालं. ते दोन महिने आठ वर्षं चालले.

माझं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. शेतातल्या पंपाच्या जळलेल्या मोटरी यायच्या, त्यांची तार काढायची, नवी भरायची. हातात कसब होतं म्हणून सरड्याचं घर मीच केलं. बंद पडलेल्या कापडदुकानातलं सरकत्या काचांचं कपाट आणलं. आत पेरूची जाड फांदी आडवी बसवली, खाली पाण्याचं मोठं घमेलं ठेवलं, कूलरमधला छोटा पंप लावून पाणी फिरतं केलं. तेवढं करून मी हात झटकले. पुढचं सगळं तिने केलं.

पुढचं म्हणजे रोजचं. हा प्राणी पाण्यातच घाण करतो. म्हणून रोज सकाळी घमेलं उपसायचं, घासायचं, भरायचं. आतली हवा दमट पाहिजे, म्हणून दिवसातून तीनदा पाण्याचा फवारा मारायचा. त्याला काच कळत नाही. पुढे मोकळं दिसतं म्हणून जातो आणि नाक घासून घासून रक्त काढतो. तिने काचेच्या खालच्या भागाला आतून ब्लाउजच्या कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या, तेव्हा त्याला तिथे भिंत आहे हे कळलं. वर एक खास ट्यूब. उन्हात असतं ते काहीतरी त्या उजेडात असतं, त्याशिवाय याची हाडं पोसत नाहीत. ती ट्यूब सहा महिन्यांनी बदलायची, चालू असली तरी.

‘‘जळते आहे ती ट्यूब फेकायची कशाला?’’ मी एकदा ओरडलो.

‘‘तुम्हाला दिसतो तो उजेड वेगळा, त्याला लागतो तो वेगळा,’’ ती म्हणाली. ‘‘मोटरचं तुम्हाला कळतं ना? मग याचं मला कळतं.’’

खायला त्याला जिवंत किडे. झाकणाच्या बादलीत अंड्यांचे कागदी ट्रे उभे करून तिने रातकिडे आणि झुरळं पोसली होती. ती स्वतः अंड्याला शिवायची नाही. पण सकाळी चिमट्याने किडा उचलायची, हाडांना लागते त्या चुन्याच्या पावडरीत बोंड्यासारखा घोळवायची आणि त्याच्या तोंडापुढे धरायची. ‘‘खा कण्णा, खा.’’ शेजारणीने विचारलं, अगं तू असली शाकाहारी आणि हे कसं करतेस? ती म्हणाली, ‘‘मी काय त्याच्या ताटात जेवते?’’

मला तो आवडत नव्हता. तो तासन् तास हलत नाही, डोळा तेवढा फिरवतो. मीही घरी आलो की बोलत नसे. ती म्हणायची, ‘‘माझ्याकडे दोन मुकी जनावरं. एकाला फांदी दिली, एकाला खुर्ची.’’

तिला साखरेचा आजार होता. पायाला जखम झाली, ती वर चढली. अकरा दिवस दवाखान्यात होती. शेवटी तिला फार बोलवत नव्हतं. एका दुपारी डोळे उघडून तिने विचारलं, ‘‘ट्यूब लावली का?’’ मी म्हटलं, लावली. लावली नव्हती. मी तीन दिवस घरीच गेलो नव्हतो. पुढच्या दिवशी तिला घरी आणलं आणि संध्याकाळच्या आत ती गेली.

सुतकाला तिची थोरली बहीण पापनाशमहून आली. आम्ही सगळे तिला अक्काच म्हणतो. अक्का वयाने माझ्याएवढी, आवाजाने माझ्या दुप्पट. आल्या आल्या तिने मागच्या खोलीत डोकावलं.

‘‘अय्यो, ही पल्ली अजून आहे का घरात?’’ पल्ली म्हणजे तमिळात पाल. अक्काला पाल, सरडा, सुसर सगळं एकच. ‘‘अहो माप्पिळ्ळै, सुतकाच्या घरात असलं ध्यान ठेवतात?’’ जावयाला तमिळात माप्पिळ्ळै म्हणतात. अक्का मला म्हातारपणीही तेच म्हणते. रागावली की जास्त.

मी म्हटलं, ‘‘तिचा आहे तो.’’

‘‘ती गेली. आता याचं कोण करणार? तुम्ही? तुम्हाला स्वतःची वेट्टी सापडत नाही.’’ वेट्टी म्हणजे धोतर.

मुलगी रडून रडून बसलेली. बंगळूरच्या फ्लॅटमध्ये तिला तो नेता येत नव्हता, नवऱ्याला चालत नव्हता. ती म्हणाली, ‘‘अप्पांना होणार नाही हे खरंच.’’ तेव्हा ठरलं, दहावा झाला की सरडा कालव्यावर नेऊन सोडायचा. पाण्यातलाच आहे, जगेल. तो जगणार नव्हता हे मला माहीत होतं. आठ वर्षं ज्याला चिमट्याने घास मिळाला, तो कालव्यावर दोन दिवसात कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी गेला असता. पण मी काही बोललो नाही. न बोलण्याची सवय होती.

आम्हा तंजावरच्या मराठी लोकांत एक रीत आहे. माणूस गेलं त्या जागी जमिनीवर दिवा ठेवतात, दहा दिवस विझू देत नाहीत. नवव्या दिवशी संध्याकाळी दिव्याभोवती तांदळाचं पीठ चाळून पसरायचं आणि वर टोपली पालथी घालायची. दहाव्याला सकाळी सगळ्यांनी मिळून टोपली उचलायची. पिठावर ज्याचा माग दिसेल त्या जन्माला जीव गेला असं धरतात. माझ्या बापाच्या वेळी चिमणीच्या नखांसारखं काही दिसलं होतं. शेजारपाजारच्या तमिळ लोकांत हे नाही. आमच्या बायकांनी कित्येक पिढ्या इथे राहून, भाषा अर्धी विसरून, हे मात्र सोडलेलं नाही.

त्या नवव्या संध्याकाळी मी मागच्या खोलीत गेलो. उद्या याला नेणार, आज पोटभर खाऊ घालावं, एवढंच मनात. काच सरकवली, चिमट्याने दोन झुरळं दिली. त्याने घेतली. मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो. मग अक्काने हाक मारली, उद्याच्या सामानात दर्भ आला का म्हणून. मी उठलो. काच लावायची राहिली.

अक्काने पीठ पसरलं, टोपली पालथी घातली. दिव्याला वारा मिळावा म्हणून टोपलीची एक कड विटेवर टेकवली. दिव्याच्या उजेडाला रात्रभर किडे येतात, पंख जळून पिठात पडतात. हा प्राणी उजाडल्याशिवाय हलत नाही. तेव्हा पहाट फुटताना तो निघाला असणार, किड्यांच्या वासाने टोपलीखाली शिरला असणार, खाऊन परत पाण्याकडे गेला असणार. हे मी नंतर जुळवलं.

सकाळी अक्काने टोपली उचलली. पिठावर पाच पाच बोटांची पावलं होती, प्रत्येक बोटापुढे नखाचं टिंब. मधून शेपटीची एक लांब रेघ, नागमोडी. मग अक्का मटकन खाली बसली.

‘‘आली गं माझी बाई,’’ ती म्हणाली. ‘‘त्याच्याच रूपाने आली. आणि मी तिला कालव्यात टाकायला निघाले होते!’’

मुलीने दोन्ही हात तोंडावर धरले. ती हुंदके देत होती, पण नऊ दिवस जशी रडली तशी नाही. अंगातलं काही सैल झाल्यासारखी.

मी मागच्या खोलीत गेलो. काच हातभर उघडी. सरडा फांदीवर बसलेला आणि त्याच्या पोटाला, चारी पायांना पांढरं पीठ. खुंटीवर तिच्या जुन्या लुगड्याचं फडकं होतं. ते ओलं केलं, त्याचं पोट पुसलं, बोटं पुसली, आणि काच लावून घेतली. त्या घटकेला माझ्या मनात एकच होतं, की आता याला कालव्यावर कुणी नेणार नाही. शपथेवर सांगतो, दुसरं काही नव्हतं.

कुणी नेला नाही. उलट कपाट उचलून पुढच्या खोलीत आणलं, तिच्या फोटोजवळ. काचेला हळदकुंकू लागलं, वर मोगऱ्याची माळ चढली. या प्राण्याच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका असतो. मुलगीच पूर्वी सांगायची की तो तिसरा डोळा, त्याने फक्त उजेड-अंधार कळतो. आता अक्काने बोट दाखवून सांगितलं, ‘‘ही बघा कुंकवाची जागा. सवाष्ण गेली ना ती.’’ आणि मुलगी मान हलवत होती. इंजिनियर झालेली मुलगी.

मग एकेक बदलत गेलं. अक्का म्हणाली, ‘‘तिच्या तोंडात झुरळं घालता? जन्मात अंडं खाल्लं नाही तिने.’’ किड्यांची बादली तिने स्वतः नेऊन गटारात पालथी केली. शेवटच्या वर्षात बायकोला उजेडाने डोकं दुखायचं, घरातले दिवे आम्ही मालवून ठेवत असू. मुलीला ते आठवलं. ‘‘आईच्या डोळ्यात खुपत असेल तो निळा उजेड,’’ म्हणून तिने ट्यूब बंद केली. त्याच्याऐवजी समईची ज्योत. खायला दहीभात, केळं, आणि दर महिन्याला ती गेली त्या तिथीला पायसम, म्हणजे खीर. मुलगी दर तिथीला बंगळूरहून यायची, अक्का पापनाशमहून. चमच्याने पायसम तोंडाशी धरायच्या. तो जीभ बाहेर काढून चाटायचा, गोड कुणाला नको. तो चाटला की दोघी एकमेकींच्या गळ्यात पडायच्या.

मला सगळं दिसत होतं. ट्यूब कशासाठी असते हे मला माहीत होतं, चुन्याची पावडर कशासाठी हेही. रोज म्हणायचो, या तिथीला सांगू. मग मुलगी दारात यायची. पूर्वी आईला फोन लावून तासभर बोलणारी, माझ्याशी दोन वाक्यं बोलणारी मुलगी. आता चप्पल काढली की सरळ कपाटापुढे मांडी घालून बसायची, ऑफिसातलं, सासरचं सगळं त्याला सांगायची. जाताना तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसायचा. मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

आणि लपवायचं कशाला, मीही बसायला लागलो. दुकान विकलं होतं, संध्याकाळी करायला काही नव्हतं. खुर्ची कपाटाजवळ ओढली. एक दिवस त्याला सांगितलं की ट्यूब लावली नव्हती. दुसऱ्या दिवशी सांगितलं की दवाखान्यात तू मला हाक मारलीस तेव्हा मी ऐकलं होतं. खाली कॉफी प्यायला निघालो होतो, तसाच गेलो, कारण वर येऊन काय बोलायचं ते मला कळत नव्हतं. त्याने डोळे मिटले. मला वाटलं, ऐकलं. पीठ माझ्या हाताने पुसलेलं असताना मला असं वाटलं. माहीत असणं एक आणि वाटणं एक.

पाचव्या महिन्यात त्याची बोटं थरथरायला लागली. मोटर जळायच्या आधी तिच्या अंगात एक बारीक थरथर येते, हात ठेवला की कळते. तशी. मग तो फांदीवरून पडला. घमेल्यात पडला म्हणून वाचला. वर चढायला गेला, मागचे पाय येईनात. मी उचलून घेतलं. आठ वर्षांत पहिल्यांदा त्याला नीट हातात घेतलं. खालचा जबडा बोटाने दाबला तर ओल्या पुठ्ठ्यासारखा दबला.

तंजावरचा जनावरांचा डॉक्टर म्हणाला, मी गाई बघतो, शेळ्या बघतो, हे मला येत नाही. त्याने तिरुचीच्या एका डॉक्टरणीचा पत्ता दिला. झाकणाच्या वेताच्या टोपलीत ओली वेट्टी घातली, त्यात त्याला ठेवलं आणि बसने गेलो. टोपली मांडीवर. शेजारच्या बाईने विचारलं, काय आहे, कोंबडी? मी म्हटलं, हो.

डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. जबडा बघितला, पाय ताणून बघितले, हाडांचा फोटो काढला. मग तमिळात विचारलं, ‘‘काय खायला घालता?’’

‘‘दहीभात.’’

तिने मान वर केली. ‘‘आणखी?’’

‘‘केळं. कधी कधी पायसम.’’

‘‘ट्यूब?’’

‘‘बंद आहे.’’

‘‘अय्या, थट्टा करता का? फोटोत याची जुनी हाडं बघा. इतकी वर्षं याला कुणीतरी उत्तम ठेवलंय. आणि आता दहीभात? घरात काय झालं?’’

‘‘ठेवणारी गेली.’’

तिने औषधाचा कागद पुढे ओढला. मग म्हणाली, ‘‘आणि सहा आठवडे हेच चाललं तर हाही जाईल. किडे, पावडर, ट्यूब. आजपासून. घरात कुणी दुसरं काही भरवत असेल तर हात धरा त्याचा.’’

त्याच संध्याकाळी नवी ट्यूब लावली. किडे कुठून आणणार? ते पोसायचं तिला यायचं, मला नाही. फवारलेल्या शेतातले नकोत असं डॉक्टरणीने बजावलं होतं. जुन्या किल्ल्याच्या खंदकात गवत माजलेलं असतं, तिथे सकाळी वेट्टी वर खोचून मी टोळ धरायला लागलो. सत्तरी उलटलेला माणूस दोन्ही हातांची ओंजळ करून गवतावर झडप घालतो, त्याला लोक हसणारच. शेळ्या चारणारी एक बाई रोज तिथे असायची.

‘‘काय तात्ता, या वयात फुलपाखरं?’’ तात्ता म्हणजे आजोबा.

‘‘फुलपाखरं नाहीत, टोळ.’’

‘‘खाता की काय?’’

‘‘मी नाही. घरात एक आजारी आहे.’’

‘‘सुनेला सांगा जरा चांगला स्वयंपाक करायला!’’ आणि ती पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी मात्र तिने स्वतः धरलेले चार टोळ पदराच्या गाठीतून काढून मला दिले.

पहिले दोन दिवस त्याला चावता येईना. टोळाचं डोकं आणि पाय काढून, पावडर लावून, मऊ भाग तेवढा घशात सरकवायचो. तिसऱ्या आठवड्यात त्याने आपण होऊन तोंड उघडलं. थरथर कमी झाली. आणि तिथी आली.

मुलगी सकाळी आली, अक्काही आली. मुलीने पायसम करून चांदीच्या वाटीत घातलं. पुढच्या खोलीत येताच तिने कपाळावर हात धरला.

‘‘ट्यूब कुणी लावली?’’

‘‘मी.’’

‘‘अप्पा, आईला त्रास होतो त्याचा.’’ तिने बटणाकडे हात नेला. मी तिचा हात धरला. तिचा हात मी किती वर्षांनी धरला होता, कुणास ठाऊक. तिला नवल वाटलं असणार, तिने लगेच सोडवला नाही.

‘‘ट्यूब राहू दे. आणि पायसम नको.’’

‘‘आज तिथी आहे,’’ अक्का मागून म्हणाली.

‘‘तिथी फोटोपुढे करा. याला नको. हा मरतोय. याचा जबडा बघा.’’

‘‘आई कशी मरेल परत?’’ मुलगी म्हणाली. लहान मुलाला समजावतात तशी हसून म्हणाली. ते हसणं मला बघवलं नाही.

मी म्हटलं, ‘‘ही आई नाही. ती पावलं याची होती. आदल्या संध्याकाळी मी काच उघडी टाकली होती. सकाळी याच्या पोटाला पीठ होतं. मी पुसलं.’’

अक्का ओरडली, ‘‘गप्प बसा माप्पिळ्ळै! दुःखाने डोकं फिरलंय यांचं. ऐकू नको गं तू.’’

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, ‘‘कशाने पुसलं?’’

‘‘फडक्याने.’’

‘‘कुठल्या?’’

‘‘तिच्या निळ्या लुगड्याचं होतं, खुंटीवर.’’

मग तिला पटलं. माणूस खोटं सांगतो तेव्हा लुगड्याचा रंग सांगत नाही. ती भिंतीला टेकली.

‘‘म्हणजे पहिल्या दिवसापासून तुम्हाला माहीत होतं.’’

‘‘हो.’’

‘‘आणि मी इथे बसून त्याला काय काय सांगत होते, ते तुम्ही खुर्चीत बसून ऐकत होतात.’’

‘‘हो.’’

‘‘मग आजच का सांगितलं? आणखी वर्षभर गप्प राहायला काय झालं होतं? तुम्हाला तर येतं ते.’’

‘‘तो मरत होता.’’

‘‘सरडा मरत होता!’’ ती म्हणाली. ‘‘सरड्यासाठी तोंड उघडलंत तुम्ही.’’

‘‘तिने वाढवलेला आहे तो.’’

‘‘मला कुणी वाढवलं, अप्पा?’’

तिने पायसमची वाटी जमिनीवर ठेवली, अगदी हळू, सांडू न देता. पिशवी उचलली. अक्का तिच्यामागे गेली, आणि उंबऱ्यातून वळून मला म्हणाली, ‘‘माझ्या बहिणीला दोनदा पोचवलंत तुम्ही.’’ पायसम तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी आंबलं तेव्हा मी ते तुळशीत ओतलं, खाववलं नाही.

त्याला चार महिने झाले. सरडा जगला. जबडा डावीकडे वाकडा राहिला, तो आता सुधारणार नाही असं डॉक्टरीण म्हणाली. फांदीवर चढतो. किड्यांची बादली मी पुन्हा सुरू केली. पहिल्या दोन खेपेला सगळे मेले, तिसऱ्या खेपेला टिकले. ओलावा जास्त झाला तर ट्रेला बुरशी येते, हे ती असती तर एका शब्दात सांगून मोकळी झाली असती. काचेवरचं हळदकुंकू पुसून काढलं, कारण त्याच्या आड उजेड अडत होता.

मी त्याच्याशी बोलत नाही. प्रयत्न केला एकदा. खुर्ची ओढली, बसलो, पण त्याच्या वाकड्या जबड्यातून टोळाचा एक पाय बाहेर हलत होता आणि तो गिळत होता, आणि मी उठून खुर्ची परत जागेवर ठेवली. रोज सकाळी त्याला जगवायचं तर असं चारावं लागतं, आणि चारताना दर वेळी दिसतं की ही ती नव्हे. दहीभात होता तोवर निदान डोळे झाकता येत होते.

मुलगी तिथीला येत नाही. फोन करते, तब्येत विचारते, ठेवते. वर्षश्राद्ध अक्काने पापनाशमला ठेवलं आहे, तिच्या घरी. मला निरोप आला की यायचं असेल तर या. मी जाणार आहे. सकाळी घमेलं उपसून, त्याला चारून, ट्यूब लावून निघालो तर नऊची बस मिळते. संध्याकाळी ट्यूब बंद करायला परत येईन. मुलगी तिथे असेल. तिला सांगण्यासारखं माझ्याजवळ एवढंच आहे की तो जिवंत आहे. ती विचारेल असं वाटत नाही.